हिरवं टिंब

कॅनडातल्या रेजायनात फेब्रुवारीचं बर्फ गुडघाभर साचलं होतं आणि व्हर्लिन जेवणाच्या टेबलावर जुलैच्या सहलीचा नकाशा उलगडत होती. शेजारच्या खोलीत तिचा नवरा गार्थ सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटला होता. तंबूच्या जागांचं बुकिंग आठला उघडायचं आणि बघता बघता संपायचं.

घरची रीत ठरलेली होती. निघण्याआधी सगळे मुक्काम पेन्सिलीनं आखायचे. जिथे खरोखर रात्र काढली, तिथे घरी परतल्यावर प्रत्येकानं आपल्या शाईचं टिंब द्यायचं. गार्थचं निळं, त्यांची लेक पेज हिचं लाल, आणि व्हर्लिनचं हिरवं.

काल तिनं समुद्रापर्यंतची नुसती पेन्सिलीची रेघ ओढली होती. आज त्या रेघेवर टिंबं होती.

“पेज, नकाशावर तू काही केलंस?”

“तुझ्या नकाशाला हात लावायची कोणाची टाप आहे, आई!” जिन्यावरून उत्तर आलं.

व्हर्लिननं बोट फिरवून पाहिलं. शाई वाळलेली होती, थोडी विटलेलीसुद्धा. मेडिसिन हॅटला तीन रंगांची तीन टिंबं. बॅन्फला तीन. रेव्हलस्टोकला तीन. पुढची रेघ समुद्राकडे जात होती, पण टिंबं तिथूनच घराकडे वळली होती. निळं आणि लाल, निळं आणि लाल, थेट रेजायनापर्यंत.

हिरवं पेन तिच्या समोरच्या कपात होतं. तिनं ते उचललं, पण टोपण काही निघेना.

“रेव्हलस्टोक मिळालं गं!” गार्थ आतून आनंदानं ओरडला. “तिघांचं झालं. पुढच्या मुक्कामाला आम्ही दोघंच ना?”