ओजसचे कान

"अहो ताई, विशेष शिक्षिका कशाला हवी? पोरगं लाडावलंय. दोन धपाटे घाला, बसेल गपगुमान वर्गात," म्हणत शिक्षण कार्यालयातल्या सबनीससाहेबांनी अर्ज परत सरकवला. पोरगं, म्हणजे आठ वर्षांचा ओजस, तेव्हा त्यांच्याच टेबलाखाली कानांत बोटं घालून बसलं होतं.

ओजसच्या आईने, सुमेधाने, आज तोंडाची वाफ दवडली नाही. "नवा नियम आहे ना, साहेब? नकार देण्याआधी तुम्ही डोक्याला पट्टा लावायचा. मुलाला ऐकू येतं तसंच मिनिटभर ऐकायचं."

"आणा की! त्यात काय एवढं!" ओजसच्या डोक्याला एक पट्टा होताच, दुसरा साहेबांनी ऐटीत कपाळावर चढवला.

तेवढ्यात शिपायाने चहात चमचा ढवळला. बाहेर कुणीतरी स्टूल ओढलं. साहेब किंचाळले आणि खुर्चीवरून घसरून थेट टेबलाखाली गेले. ओजसने निमूटपणे सरकून त्यांना जागा करून दिली.

सुमेधाने वाकून पाहिलं. साहेबांची बोबडी वळली होती.

"बाळा, शाळेत रोज... असंच?"

ओजसने एका कानातलं बोट काढलं.

"नाही, काका. शाळेत पंखे चालू असतात."