उघडं डोकं

खांदा जखडल्यापासून रजनीच्या डोक्यावर पदर नव्हता. "हातच वर जात नही, नाना," असं तिने सासऱ्यांना सांगून टाकलं होतं. रावेरला भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली, तशी नानांनी स्वतःच चौकशी केली आणि सुनेला जळगावला घेऊन आले. तिथल्या एका दवाखान्यात खांद्याचा व्यायाम रोबोट करून घेतो, असं त्यांना कळलं होतं.

आज यंत्राने तिचा हात पहिल्यांदाच पार कानापर्यंत उचलला. डॉक्टर मॅडमनी हाक मारली, तसे बाहेर बाकावर बसलेले नाना लगबगीने आत आले.

"झालं ना बरं? आता तं घेशीन ना डोक्यावर पदर?"

बोलता बोलता त्यांची नजर यंत्राच्या पट्ट्यांत बांधलेल्या हातावर गेली. तो डावा होता.

रजनीने मोकळा उजवा हात वर नेला, केसांतली पिन काढून टाळूवर पुन्हा नीट खोचली आणि नानांकडे सरळ पाहिलं.



"पदर तं मले पहिलेबी घेता येत होता, नाना."