चारशे वीस

वॉकर आधी दारातून आत आला, मागोमाग सासरे. सूनबाई त्यांच्या कमरेमागे हात धरून चालत होती, पण तिचा सगळा जीव समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात अडकला होता. तिथे चार फुटी काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची. खुब्याचं हाड मोडून सासरे चाळीस दिवस घराबाहेर होते, आणि एवढ्या दिवसांत त्यांनी फोनवर स्वतःच्या पायापेक्षा टाकीचीच चौकशी जास्त केली होती.

"आधी जरा पडा, बाबा," ती म्हणाली. वॉकर सरळ कोपऱ्याकडे वळला.

सासऱ्यांची उभी हयात वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात गेलेली. निवृत्तीनंतर टाकी केली तीही त्याच थाटाची. पाण्यातला मळ फेसाबरोबर वर काढणारं एक यंत्र, क्षारांची द्रावणं थेंबथेंब सोडणारं दुसरं, पाणी निर्जंतुक करणारा दिवा, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा एक छोटा पडदा. जरा कुठे खुट्ट झालं की तो शिट्टी मारायचा. रोज सकाळी सासरे पाणी तपासून आकडे वहीत टिपायचे. टाकीला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. मुलगा वर्षातले आठ महिने बोटीवर असे, पण घरी असला तरी त्यालाही नाही.

ते जिन्यात पडले आणि पाचव्या दिवशी ते थेंब सोडणारं यंत्र अडकलं. थेंबांची धार लागली. सून शिवणयंत्रावरून उठून येईतो पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि पडदा शिट्टीवर शिट्टी मारत होता. कुठलं बटण कशाचं, तिला काही कळेना. तिने सरळ सगळ्या वायरी उपटल्या.

तशीच ती शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या बाईंकडे धावली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आज निम्मं पाणी बदल म्हणाल्या, पुढे दर आठवड्याला दोन बादल्या. पाणी हलतं ठेव, कोमट ठेव, दिवा वेळेवर लाव आणि वेळेवर मालव. बाकीचं प्रवाळं आपली आपण बघतील. एवढं सांगून त्यांनी समुद्री मिठाची पिशवी आणि खारटपणा मोजायची नळी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला, आजचे आकडे काय? त्यांच्या मनाला त्रास होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिने वहीचं शेवटचं पान उघडलं आणि वाचलं, कॅल्शियम चारशे वीस, क्षारता आठ पूर्णांक तीन. एकदा सांगून बसल्यावर दुसऱ्या दिवशी खरं बोलायला तोंड राहिलं नाही. मग रोज तेच पान.

आता सासरे टाकीसमोर उभे होते. पडदा काळा होता. खालच्या कपाटातून पाणी हलवणाऱ्या एका पंपाची बारीक घरघर तेवढी येत होती. काचेपलीकडे हिरवी प्रवाळं फुलून डोलत होती आणि केशरी पट्ट्यांचा मासा त्यांच्यातून आरामात फिरत होता.

"बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले," सून म्हणाली.

"ठाऊक आहे." त्यांनी मान वळवली नाही. "रोज चारशे वीस. पस्तीस दिवस काटा जर एकाच जागी उभा राहिला, तर काटा तुटलाय एवढाच त्याचा अर्थ."

"मग विचारलं का नाही?"

"मला वाटलं, सगळं मेलं," ते म्हणाले. "तू एकटी ते उपसून टाकत असशील, आणि वर माझ्यासाठी आकडे वाचत असशील. विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं."

येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत गप्प बसले होते. पाय दुखत असेल, असं तिला वाटलं होतं. एका रिकाम्या टाकीसमोर उभं राहायची तयारी चालली होती ती. तिने भिंतीला पाठ टेकली आणि घडलं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. धार, पांढरं पाणी, उपटलेल्या वायरी, बाई, बादल्या. निळ्या टोकांचं प्रवाळ मात्र गेलं, तेही सांगितलं.

"गेलं का," सासरे म्हणाले. ते प्रवाळ जिथे होतं त्या रिकाम्या दगडाकडे त्यांनी पाहिलं. "त्याचा जीव कधी रमलाच नाही इथे. सगळी यंत्रं मी त्याच्यासाठी आणली होती." मग ते काचेला नाक लागेल इतके वाकले. "हिरव्या प्रवाळाला ही दोन पिल्लं कधी फुटली? मी गेलो तेव्हा नव्हती."

"काय माहीत. मी कुठे मोजत बसले?"

यावर त्यांना हसू आलं, पोटातून, आणि खुब्यात कळ आली तसं ते थांबलं. यंत्रं दुरुस्त होतील, असं बाई म्हणाल्यात, पुन्हा लावू या का, तिने विचारलं. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग कपाटातल्या त्या एकुलत्या पंपाकडे.

"आणि नाही लावली," ते जवळजवळ रागावूनच म्हणाले, "तर मी दिवसभर करायचं काय?"

"बघत बसा."

आठ वर्षांत त्या टाकीसमोर कुणी कधी खुर्ची ठेवली नव्हती. सून आत जाऊन एक घेऊन आली. सासऱ्यांना नीट बसवलं, आणि पुन्हा आत जाऊन दुसरी आणली.