चौकातला जपानी बॅनर

"डबेच येऊन राहिले, काका," अमान वैतागून म्हणाला.

मोबाईलवर ‘हार्दिक स्वागत’चं जपानी नीट दिसत होतं. तेच उचलून कॉम्प्युटरवर बॅनरच्या पानावर टाकलं, की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटायचे. अमाननं होते नव्हते तेवढे मराठी फाँट लावून पाहिले. चौकोन काही हलेनात. नांदेडात बॅनर छापण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं तो डोळे मिटून करायचा. जपानीनं मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

समोर भागवतकाका टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते जळकोटजवळच्या एका खेड्यातले. त्यांचा मुलगा आनंदराज उद्या सकाळी जपानहून घरी येणार होता. सोबत त्याची जपानी बायको, मिहो. सून पहिल्यांदाच सासरी येत होती आणि काकांना चौकात जपानीत बॅनर हवा होता. जळकोटच्या दुकानांनी हात वर केले, म्हणून ते इथवर आले होते.

अमाननं त्यांना बघताक्षणी ओळखलं होतं. दोन वर्षांपूर्वी आनंदराजच्या लग्नाचा बॅनर अमाननंच छापला होता. मित्रांनी तो हौसेनं गावच्या चौकात लावला, आणि भर बाजाराच्या दिवशी याच बापानं विळ्यानं दोऱ्या कापून तो खाली ओढला. ही माझी सून न्हाई, असं साऱ्या गावासमोर ओरडला. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो अमानच्या मोबाईलवरही आला आणि थेट मिहोपर्यंत पोचला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. आताही आनंदराज येत होता तो आईच्या शब्दाखातर. मिहोला आपलंसं वाटलं तर राहणार, नाहीतर उद्याच माघारी.

अशा माणसाला आज बॅनर कशाला हवा, हे अमानला काही केल्या उमजेना.

त्यानं कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जपानी भाषा शोधली आणि डाउनलोडला लावली. नेट रखडत होतं. काका चहाला नको म्हणाले. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

भाषा एकदाची उतरली. खालच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षराऐवजी एक गुंतागुंतीची आकृती आली. आता कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, हे कोण सांगणार? अमाननं भीत भीत एम दाबला. एमच आला. आय दाबला, तर दोन्ही मिळून एकच अक्षर झालं.

"मि!" तो ओरडला. "काका, हे तर आपल्या पोरांसारखं हाय. व्हॉट्सॲपवर इंग्रजीतून मराठी लिहितात ना, तसं."

आनंदाच्या भरात त्यानं स्पेस दाबली, तर अक्षरच बदललं. पुन्हा दाबली, तर खाली भलीमोठी यादी उघडली. सगळे मि, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही.

"यातला खरा कोणता?" काकांनी विचारलं.

"सगळेच खरे म्हणून राहिले."

शेवटी स्पेसला हातच लावायचा नाही असं ठरवून त्यानं पुन्हा मि, मग हो टाइप केलं आणि नुसतं एंटर दाबलं. नव्या भाषेबरोबर आलेला फाँट लावला. चौकोन गेले. पानावर मिहोचं नाव आलं. काका बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिले.

"आता लावतो हार्दिक स्वागत," अमान म्हणाला. "तिचा फोटो द्या."

"फोटो नको. स्वागतबी नको."

"मग फुलं, कमान?"

"नको."

"खाली शुभेच्छुक कोण टाकू?"

"कुणीच नको. निस्ती एक ओळ. अन् बॅनर मागच्याएवढाच पायजे. त्याच जागी लावायचा हाय."

बिनफोटोचा, बिनशुभेच्छुकांचा बॅनर अमाननं जन्मात केला नव्हता. त्याला आता वेगळीच शंका यायला लागली. मागच्या वेळी सुनेला मराठीत सुनावलं, ते तिला कळलं नसेल. म्हणून हा गडी आता तिच्याच भाषेत सुनावणार की काय! त्या बिचारीनं गाडीतून उतरायचं आणि समोर ते वाचायचं. त्यानं कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"काका, एक सांगू का? काही वेडंवाकडं लिहायचं असंल तर मी छापणार न्हाई. मागचा बॅनरबी माझाच होता."

"ठावं हाय. त्याच्यावरच तुझा नंबर होता, म्हणून तर आलो." काकांनी टोपी हातात फिरवली. "फेकला न्हाई मी तो. कडब्याच्या गंजीवर झाकलाय. रोज वैरण काढायला गेलं की त्या पोरीचं हसरं तोंड समोर येतंय बघ."

अमान त्यांच्याकडे वळला.

"पण चौकात लावून उपयोग काय? गावात जपानी वाचायला येतंय कुणाला?"

"एकालाबी न्हाई. म्हणून तर जपानीत."

"पोरं बॅनरवर मोबाईलचा कॅमेरा धरतील, काका. लगेच मराठी करतील."

"करू दे. तवर तिनं वाचलेलं असंल." काकांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली आणि खुर्ची पुढे ओढली. "हां, घे लिहून. पोरी, माझं चुकलं."