सावरलेली रेघ

टेबलावर तिला पेनाने कोरायचा नवा टॅबलेट दिसला. जुना सकाळीच काढून नेला होता, सोबत कॉम्प्युटरही. मागे साहेब उभे होते, त्यांच्या शेजारी बाहुलीपटाची दिग्दर्शिका. टेबलावरच्या नव्या कॉम्प्युटरवरचं सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं.

"आजोबा छान झालेत, पण डोळे निर्जीव वाटतात," दिग्दर्शिका पडद्यावरच्या म्हाताऱ्या बाहुलीचा चेहरा दाखवत म्हणाली. "पापण्यांवरच्या सुरकुत्या माझ्यासमोर कोरा."

वर्षभर पेन धरणारा तिचा हात कापत होता. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. सॉफ्टवेअरमध्ये रेघ सावरण्याची एक सोय असते. तिचा आकडा वाढवला की पेन कितीही थरथरू दे, रेघ नीट येते. तिने तो गुपचूप वाढवून ठेवला होता. नव्या कॉम्प्युटरवर तो शून्य असणार, आणि आता बदलायला जावं तर भिंतीवर दिसणार. इथल्याच रंगकाम करणाऱ्या काकांचा हात असाच कापू लागला, तेव्हा साहेबांनी पुष्पगुच्छ देऊन त्यांना घरी बसवलं होतं. तिला घरी बसणं परवडणारं नव्हतं, आणि दुसरं काही येतही नव्हतं.

त्यातून कॉम्प्युटर बदलायचं काम नारदाकडे. तो शेजारी बसायचा. इकडचं तिकडे करण्यात पटाईत, म्हणून नारद. तिची खिडकीजवळची जागा त्याला हवी होती, तसं तो बोलूनही दाखवायचा. तिच्यासाठी चहा आणायचा तोही अर्धा कप. वर म्हणायचा, "भरलेला कप काम करणाऱ्यांना." आता तो दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मेला, गंमत बघायलाच आला असणार.

तिने डाव्या हाताची बोटं बटणांवर ठेवली. एका डोळ्याचं काम दुसऱ्यावर आपोआप उमटवणारं बटण बंद केलं. म्हाताऱ्या माणसाचे दोन डोळे सारखे थकत नाहीत. मग पेन टेकवलं. पेनाचं टोक थरथरताना तिला स्पष्ट दिसलं. तिने पडद्याकडे न बघता हात ओढला.

तिने वर पाहिलं. रेघ बारीक आणि स्वच्छ आली होती. मग दुसरी, मग तिसरी. आजोबा दमलेले दिसू लागले.

"हां," दिग्दर्शिका म्हणाली. "आता बघतायत."

सगळे गेल्यावर पडदा बंद करून तिने सेटिंग उघडलं. आकडा शून्य नव्हता. तिचा नेहमीचाही नव्हता. बराच जास्त होता.

नारदाने अर्धा कप चहा तिच्यापुढे ठेवला.

"तू कुणाला बोलला नाहीस?" तिने हळूच विचारलं.

"गेल्या महिन्यापासून जास्त कापतोय तुझा हात," तो खुर्ची ओढत म्हणाला. "म्हणून आकडा वाढवून ठेवला. चहा अर्धाच घे, भरलेला सांडतो तुझ्याकडून."