पाठमोरं वाक्य

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं, अंधेरीतल्या एका शाळेचा रविवारचा रिकामा वर्ग. एका छोट्या नाट्यसंस्थेला नव्या नाटकासाठी माणसं हवी होती. कोणीही यावं, वाचून दाखवावं. दहा वर्षांची शेवंती आपल्या बाबांना घेऊन आली होती. बाबा वीस वर्षं गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर होते. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. तिथे सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलत, आणि आता घरीही त्यांच्याशी तसंच बोलावं लागे. संप सुरू झाल्यापासून दीड वर्ष ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आज मात्र गुळगुळीत दाढी करून आले होते.

"काका, संपावरच्या कामगाराचं काम आहे," दिग्दर्शक म्हणाला. बाबांनी बाकावर बसूनच पहिलं वाक्य असं म्हटलं की मागून कोणीतरी "झकास!" म्हणून ओरडलं. मग समोरच्या नटाने पाठ फिरवून आपलं वाक्य म्हटलं. बाबा गप्पच. त्याने पुन्हा म्हटलं. तरी बाबा गप्पच.

दिग्दर्शक वहीत मान घालून पुटपुटला, "बहिरा आहे रे. प्रयोगात वाट लावेल आपली. पुढच्याला बोलव."

"काय म्हणाले गो?" बाबांनी मोठ्याने विचारलं.

दिग्दर्शकाने सांगायला मान वर केली. तेवढ्यात शेवंती धावत बाकापुढे जाऊन उभी राहिली, बाबांना फक्त तिचंच तोंड दिसेल अशी, आणि आवाज न काढता म्हणाली, "आवडलं म्हणाले. कळवतो म्हणाले."