गरुडाचा कागद

खाम्पुनने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर ठेवला आणि तो ओरसाबाईंच्या तोंडाकडे बघत बसला.

ओरसाबाईंचं भाषांतराचं दुकान म्हणजे फुटपाथवरच्या छपराखाली एक टेबल, एक संगणक आणि एक प्रिंटर. रस्त्यापलीकडे सरकारी कचेरी. परदेशी पाठवायचा कागद इथे इंग्रजीत करून घ्यायचा आणि पलीकडे नेऊन त्यावर शिक्का घ्यायचा. त्यासाठी खाम्पुन कालासिनहून नऊ तास बसने बँकॉकला आला होता.

"कोण वारलंय, काका?" बाईंनी विचारलं.

"बायको. लामदुआन. फिनलंडला रानातली फळं वेचायला गेली होती. रानातच पडली."

त्याने मोबाइल पुढे केला. तिथल्या नगरपालिकेचं पत्र होतं. दहन झालं आहे. अस्थी जवळच्या नातेवाइकाला मिळतील. नातं दाखवणारा सरकारी कागद शिक्क्यासह पाठवावा. महिनाअखेरपर्यंत कोणी मागणी केली नाही, तर अस्थी इथल्याच सार्वजनिक जागेत पुरल्या जातील.

"आज तेवीस तारीख," बाई म्हणाल्या. "तिचं दुसरं कोणी आहे?"

"आईबाप गेले. भावंडं नाहीत. मूल झालं नाही. मीच." मोबाइल खिशात ठेवत तो म्हणाला, "विहाराच्या भिंतीत तिच्या आईच्या अस्थींशेजारचा कोनाडा मोकळा आहे. भंतेंनी तो तिच्यासाठी ठेवलाय."

"लग्नाचा दाखला द्या."

खाम्पुनने एक फोटो पुढे सरकवला. एक पोरगा आणि एक पोरगी खाली मान घालून बसलेली. दोघांच्या मनगटांपासून कोपरापर्यंत पांढरे दोरे.

"हा फोटो झाला, काका. नोंदणी?"

"आमच्याकडे कोण करतं, बाई? म्हाताऱ्यांनी दोरे बांधले की झालं लग्न. कचेरी तालुक्याला. भाताची कापणी चालू होती. पुढं जाऊ, पुढं जाऊ करत राहूनच गेलं."

शेजारच्या टेबलावर विचियन झेरॉक्स काढत होता. त्याने मान वळवली. "जेवायला किती माणसं होती, काका?"

"सगळं गाव. दोन डुकरं कापली होती."

"दोन डुकरं संपवलीत आणि एका कारकुनाला बोलवायचं विसरलात!"

"विचियन, तू तुझं मशीन बघ," बाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरा कागद उचलला. गावप्रमुखाने हाताने लिहिलेलं पत्र होतं. ही दोघं सव्वीस वर्षं नवरा-बायको म्हणून नांदली, हे आम्ही सगळे जाणतो. खाली एकेचाळीस सह्या आणि अंगठे. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि जपून बाजूला ठेवलं.

"चांगलं लिहिलंय. पण कचेरीनं दिलेल्या कागदावरच पलीकडे शिक्का मारतात."

मग घराच्या सरकारी नोंदीची निळी वही निघाली. कुटुंबप्रमुख लामदुआन. तिच्याखाली खाम्पुनचं नाव, आणि नात्याच्या रकान्यात 'राहणारा'. लग्नानंतर तो बायकोच्या घरी राहायला गेला होता, गावातले सगळेच पुरुष जातात तसा. वहीत नाव चढवताना कारकुनाने हे लिहिलं आणि त्याने कधी वाचलं नाही.

"इंग्रजीत इथं नवरा करा ना, बाई. एवढंच एक."

"मूळ कागद शेजारी ठेवून ताडून बघतात, काका. त्यात तुमचं काम तर होणार नाहीच, माझं हे टेबलही जाईल."

खाम्पुनने मान हलवली. त्याला राग आला नाही. त्याच्याकडे अजून एक कागद होता, तो त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. शर्टाच्या आतल्या खिशातून त्याने घडी काढली आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली.

"हा बघा. यावर सरकारचा गरुड आहे. परवा सकाळपासून तालुक्याच्या कचेरीत बसलो होतो. म्हटलं, माझ्या लग्नाचं तुमच्या दप्तरात जे असेल ते लिहून द्या. संध्याकाळी खिडकीतून दिला."

बाईंनी घडी उलगडून कागद वाचला.

"तुम्ही वाचलात का हा?"

"कचेरीची भाषा मला कुठं कळते? गरुड बघितला आणि ठेवला."

"यात लिहिलंय, खाम्पुन, वय त्रेपन्न, यांच्या लग्नाची कुठेही नोंद नाही. ते अविवाहित आहेत."

विचियनने मशीन थांबवलं.

"पण शिक्का?" खाम्पुनने विचारलं.

"शिक्का मिळेल. यावर लगेच मिळेल."

"मग हा तिकडं चालेल का?"

"काका, लोक हा कागद परदेशात लग्न करायला नेतात. आपण मोकळे आहोत, हे दाखवायला."

खाम्पुनने कागद आपल्याकडे फिरवून घेतला. गरुडावरून एकदा बोट फिरवलं.

"लामदुआनचाही असाच निघेल?"

"निघेल."

"म्हणजे तीही मोकळी आणि मीही मोकळा." त्याने वर बघितलं. "मग आता करता येईल का नोंद? आमच्या लग्नाची?"

बाईंनी प्रिंटरचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"दोघांनी समोर बसून सही करायची असते, काका," त्या म्हणाल्या. "दोघंही हजर लागतात."

"हजर होती की, बाई," खाम्पुन म्हणाला. "सव्वीस वर्षं हजर होती."